लक्ष्मणराव किर्लोस्कर : बेळगाव ते कुंडलचा माळ

बेळगावच्या मध्यवस्तीतून जाणाऱ्या किर्लोस्कर रस्त्याचे नाव घेतले की जुन्या पिढीतील नाट्यप्रेमी वाचकाला प्रथम आठवतात ते ‘संगीत शाकुंतल’कार अण्णासाहेब. ही चूक क्षम्य आहे. बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर आणि लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर हे दोघेही एकाच आडनावाचे आणि बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या एकाच गावचे. अण्णासाहेबांचा जन्म १८४३ चा, लक्ष्मणरावांचा २० जून १८६९ चा. एकाने मराठी रंगभूमीला संगीत नाटक दिले, दुसऱ्याने मराठी शेतकऱ्याच्या हाती लोखंडी नांगर दिला. एका लहानशा गावाने अर्ध्या शतकाच्या आत महाराष्ट्राला दोन दिशांनी इतके भरघोस देणे द्यावे, हे नवलच. मात्र ज्या रस्त्यावरून आपण ग्रंथालयात येतो-जातो, त्याचे नाव नाटकाशी नव्हे, सायकलीच्या एका दुकानाशी जोडलेले आहे आणि ते दुकान लक्ष्मणरावांचे व त्यांचे वडीलबंधू रामूअण्णा यांचे होते.

लक्ष्मणरावांचे घराणे वेदान्ताच्या अभ्यासात रमणारे. घरात व्यासंग होता, व्यापार नव्हता. मग कारखानदारीचा वारसा कोठून असणार? शाळेच्या पुस्तकांत या मुलाचे मन कधी लागले नाही. चित्रे काढणे आणि हाती येईल ती वस्तू उघडून तिच्या पोटात काय आहे ते पाहणे, हे त्याचे दोन छंद. वडिलांची नाराजी पत्करून आणि थोरल्या भावाचा आधार घेऊन १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. चित्रकार व्हायचे हा निश्चय होता. दोन वर्षे गेली आणि ध्यानात आले की त्यांना काही रंगांतला फरक कळतच नाही. डोळ्यांतील हा दोष उपचाराने जाण्यासारखा नव्हता. अठराव्या वर्षी स्वतःच्या आवडीचे दार असे बंद झाल्यावर एखादा तरुण गावाकडची वाट धरता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरून ठेवली. ते यांत्रिक रेखाटनाकडे, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले.

हे वळण वरवर पाहता तडजोडीचे वाटते. पुढच्या सत्तर वर्षांचा हिशेब मांडला तर त्यांच्या आयुष्यातील हीच मोठी मिळकत ठरते. यंत्राचे चित्र हे पाहण्यासाठी काढलेले चित्र नसते. ते कारागिराला दिलेला हुकूमनामा असतो. त्यातील प्रत्येक रेघ कोणाला तरी ओतायची, कापायची, घासायची किंवा भोक पाडून जोडायची असते. ज्याने ती रेघ ओढली त्याला कारागिराचा हात आणि हत्यार ठाऊक नसेल, तर कागदावर सुरेख दिसणारी वस्तू कारखान्यात हटून बसते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये लक्ष्मणराव दरमहा ४५ रुपयांवर यांत्रिक रेखाटनाचे साहाय्यक शिक्षक झाले. वर्गात फळ्यावर रेघा आणि वर्ग सुटल्यावर कर्मशाळेत लेथ, भाते, वाफेची इंजिने असा त्यांचा दिनक्रम राहिला. संस्थेतले एखादे यंत्र बिघडले की ते स्वतः बाह्या सरसावून खाली बसत. शिकवता शिकवता ते जेवढे शिकले तेवढे त्यांचे विद्यार्थीही शिकले नसतील.

याच काळात मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. त्या दुचाकीवर तोल सावरून जाणारा माणूस ही तेव्हा अपूर्वाई होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली विकत घेऊन बेळगावास पाठवू लागले आणि रामूअण्णा त्या विकू लागले. १८८८ साली ‘किर्लोस्कर बंधू’ हे नाव प्रथम दुकानावर लागले ते असे. ज्याला सायकल हवी त्याला ती चालवता येत असेलच असे नाही, म्हणून शिकवणीचीही सोय होती व तिचे शुल्क १५ रुपये होते. एक गोष्ट या बंधूंनी त्या दुकानातच शिकून घेतली असावी. नवी वस्तू केवळ आणून ठेवल्याने खपत नाही. ती वापरायला शिकवावी लागते, मोडली तर दुरुस्त करून द्यावी लागते आणि तिचा सुटा भाग मागताच हाती असावा लागतो.

संस्थेत बढतीची जागा रिकामी झाली, तेव्हा ती पात्रतेने लक्ष्मणरावांच्या वाट्याला यायची होती. ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. त्या काळात हे नवे नव्हते आणि बहुतेक जण मान खाली घालून काम करीत राहत. लक्ष्मणरावांनी १८९७ साली राजीनामा दिला आणि पत्नी राधाबाईंसह ते बेळगावास परतले. पदरी पैसा थोडा, कुटुंब वाढते आणि धंद्याचा भरवसा नाही. गावातील जाणत्यांना हे धाडस पसंत पडले असेल असे वाटत नाही.

बेळगावात आरंभी त्यांनी सॅमसन नावाच्या अमेरिकन पवनचक्क्यांची एजन्सी चालविली. विहिरीवर उंच मनोरा उभारून वाऱ्यावर पाणी उपसणारी ही यंत्रे महाग होती आणि त्यांना गिऱ्हाईक मोजकेच मिळणार होते. त्यांतून मिळालेला अनुभव मात्र पुढे उपयोगी पडला. परदेशात तयार झालेले यंत्र येथे उभे करायचे तर येथील वारा, येथील विहीर आणि येथील गवंडी या तिघांशीही त्याचे जमावे लागते. मग त्यांनी स्वतः बनविण्यासाठी जी वस्तू निवडली ती साधी होती : कडबा कापण्याचे यंत्र. आपल्या भागात ज्वारीचा कडबा म्हणजे बैलांचे मुख्य अन्न. आखा कडबा टाकला की जनावर पाला खाते आणि बुडखा तुडवून टाकते. बारीक तुकडे करून घातला तर तोच कडबा पुरवठ्यास येतो. दुष्काळी वर्षांची सवय झालेल्या शेतकऱ्याला हे पटवायला व्याख्यानाची गरज नव्हती. यंत्रही असे की एक चाक, त्याला लावलेली धारदार पाती, एक चौकट आणि हाताने फिरविण्याची मूठ. चाक बिडाचे, पाती पोलादाची. एवढे काम लहान कारखान्यालाही पेलण्यासारखे होते. लक्ष्मणरावांच्या सगळ्या पुढच्या निवडींत हे सूत्र दिसते. गिऱ्हाइकाची निकड आणि आपल्या भट्टीची ऐपत या दोन्ही ज्या वस्तूत भेटतात, तीच ते हाती घेत.

नांगराची गोष्ट मात्र इतकी सरळ नव्हती, आणि तिच्याजवळ थोडे थांबले पाहिजे.

दख्खनच्या काळ्या जमिनीत चालणारा जुना नांगर हा बाभळीचा, अवजड, चार-चार पाच-पाच बैलजोड्यांनी ओढायचा. तो जमीन फाडतो, पण उलथवीत नाही. हराळी आणि कुंदा यांच्या मुळ्या वीत-दोन वीत खोल गेलेल्या असतात. त्यांना वरवरच्या नांगरटीने काही होत नाही. विलायती आणि अमेरिकन लोखंडी नांगर ही माती उलथून टाकीत. त्यांच्या फाळामागे वळणदार पाते असते. मातीची कापलेली वडी त्या वळणावरून चढते आणि पालथी पडते. मुळ्या उन्हात उघड्या पडून सुकतात. असा नांगर येथे व्हावा हे लक्ष्मणरावांनी ठरविले. पण परदेशी नांगर समोर ठेवून त्याची हुबेहूब नक्कल करणे शक्यही नव्हते आणि शहाणपणाचेही नव्हते. ते नांगर तिकडच्या थोराड घोड्यांच्या चालीसाठी घडविलेले. येथे बैलजोडी, तिची उंची वेगळी, जू वेगळे, ओढ वेगळी. तिकडच्या कारखान्यांत दाबाची यंत्रे आणि नाना जातींचे पोलाद दाराशी येई. येथे बीड वितळविण्याची भट्टी, वाळूचे साचे, आणि जे पोलाद हवे ते समुद्रापलीकडून.

म्हणून नांगराचा आराखडा ओतशाळेला विचारून करावा लागतो. बिडाचे ओतकाम ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल की प्रथम लाकडाचा नमुना करतात. तो वाळूत दाबून काढला की पोकळी राहते आणि तीत वितळलेले बीड ओततात. हा नमुना वाळूतून अलगद निघावा म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. बीड थंड होताना आकसते, तेव्हा नमुना त्या मानाने थोडा मोठा ठेवावा लागतो. एखादा भाग फार जाड आणि त्याला लागूनच दुसरा फार पातळ केला, तर पातळ भाग आधी गोठतो, जाड भाग मागाहून आकसतो, आणि जोडाच्या जागी तडा जातो. म्हणजे नांगराच्या अंगाची जाडी किती, कोपरे कोठे गोल करायचे, बोल्टची भोके कोठे पाडायची, याचा निर्णय कागदावर करतानाच भट्टीपाशी उभ्या असलेल्या ओताऱ्याचे काम डोळ्यांसमोर असावे लागते. फाळाचा प्रश्न याहून बिकट. फाळ मऊ असला तर मुरमात चार दिवसांत झिजतो, कडक असला तर दगडाला लागून टोक उडते. बिडाचा एक गुण असा की साच्यात वाळूच्या जागी लोखंडाचा ठोकळा बसविला, तर त्याला भिडणारे बीड झटकन निवून पांढरे व कठीण होते आणि मागचा भाग त्या मानाने मऊ राहतो. अमेरिकेत ऑलिव्हर नावाच्या कारखानदाराने याच गुणावर आपल्या नांगरांचे नाव केले होते. लक्ष्मणराव अमेरिकन यांत्रिक नियतकालिके मिळवून वाचीत. इंग्रजी फारसे शिकले नसलेल्या कारागिरांना त्यातला मतलब ते आपल्या भाषेत आणि कित्येकदा खडूने जमिनीवर आकृती काढून समजावून देत असतील, असे त्यांच्या शिक्षकी पेशावरून मानावयास हरकत नाही.

नांगर तयार झाला आणि विकला जाईना. लोखंडाने जमिनीला विष बाधते, पीक जळते, असा समज सर्वत्र होता. दोन वर्षे जवळजवळ वाया गेली. आज आपण त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होतो. हे न्यायाचे नाही. ज्याच्याजवळ एकच जमीन आहे आणि एका हंगामाच्या चुकीने ज्याचे घर सावकाराकडे जाते, त्याने अनोळखी लोखंडाकडे संशयाने पाहावे हे स्वाभाविकच. शिवाय बाभळीचा नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देई. हा लोखंडी नांगर मोडला तर कोणाकडे जायचे? संशय गेला तो प्रत्यक्ष शेतात नांगर चालवून दाखविल्यावर, आणि एकाने घेतलेला नांगर शेजाऱ्याने बांधावरून पाहिल्यावर. ज्या सायकलींच्या दुकानात शिकवणीचीही सोय होती, तेथला धडा येथे कामी आला.

धंद्याला जरा कोठे पालवी फुटते आहे तोच नवे संकट आले. बेळगाव नगरपालिकेला शहराबाहेर नवी वसाहत वसवायची होती. आजची टिळकवाडी ती हीच. कारखाना त्या जागेत येत होता. जागा सोडण्याचा हुकूम झाला. यंत्रे बसविलेली, भट्टी उभारलेली, माणसे तयार केलेली, आणि जावे कोठे हे ठाऊक नाही, अशी अवस्था. बेळगावने एवढा मोठा उद्योग आपल्या हाताने दूर लोटला, ही रुखरुख या शहरातील कित्येक जुन्या मंडळींनी बोलून दाखविली आहे. नगररचनेच्या दृष्टीने पालिकेचे करणे चुकीचे होते असे नाही. पण परिणाम काय झाला तो सर्वांसमोर आहे.

याच सुमारास लक्ष्मणरावांनी औंध येथे एका सभागृहाच्या बांधकामाचे काम घेतले होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले होते. ते स्वतः उत्तम चित्रकार. रंग न ओळखणारा एक फसलेला चित्रकार आणि चित्रकलेत रमणारा एक राजा यांची मैत्री जमली, हा योगायोग मोठा गोड आहे. लक्ष्मणरावांची अडचण कळताच पंतांनी आपल्या संस्थानात कोठेही जागा निवडण्यास सांगितले आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. लक्ष्मणरावांनी निवडली ती कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकरांची जागा : ओसाड माळ, फड्या निवडुंगाने गच्च भरलेला, सापांचे माहेरघर. राजाजवळ मागायचेच तर चांगली काळी जमीन, नदीचा काठ, असे काही मागता आले असते. परंतु ओतशाळेला सुपीक जमिनीचे काय काम? तिला हवा असतो कच्चा माल आणण्याचा आणि तयार माल नेण्याचा मार्ग. बीड आणि कोक हे वजनी पदार्थ. बैलगाडीने दहा कोस आणायचे तर वस्तूची किंमतच बदलते. येथे पुणे-मिरज लोहमार्ग दाराशी होता. निवडुंग तोडता येतो, स्टेशन आपल्या दारी आणता येत नाही, हा विचार त्यामागे उघड दिसतो.

१० मार्च १९१० रोजी या माळावर वस्ती सुरू झाली. सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे लक्ष्मणरावांबरोबर आली. रामूअण्णांनी गाव वसविण्याचा भार उचलला : घरे, पाणी, रस्ते, झाडे. शंभूराव जांभेकर यंत्रे सांभाळीत, मंगेशराव रेगे हिशेब पाहत, के. के. कुलकर्णी पडेल ते काम करीत, शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर येथे येऊन कल्पक यंत्रज्ञ झाले. दरोड्याची शिक्षा भोगून सुटलेल्या दोघांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले आणि त्यांनी तो विश्वास राखला. गावात अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा नियम आरंभापासून होता. १९१० सालच्या दक्षिण महाराष्ट्रात हा नियम घालणे सोपे नव्हते. या माणसांपैकी कोणाजवळही मोठी पदवी नव्हती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. लक्ष्मणरावांनी माणसे पाहून कामे वाटली आणि कामे पाहून माणसे घडविली.

चार वर्षांत बस्तान बसते न बसते तोच १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. परदेशातून येणाऱ्या मालाच्या बोटी बंद झाल्या. बीड, कोक आणि रंग या तिन्ही वस्तू दुर्मीळ झाल्या. साकची येथे टाटांच्या कारखान्यात १९११ पासून बीड निघू लागले होते, परंतु युद्धकाळात त्या कारखान्याचे उत्पादन सरकारी गरजांकडे वळले. विरोधाभास असा की याच वेळी परदेशी नांगर येईनासे झाल्याने किर्लोस्करांच्या नांगरांना मागणी वाढली होती. गिऱ्हाईक दारात उभे आणि भट्टीत घालायला काही नाही. उत्तम आराखडा, तरबेज कारागीर आणि वाढती मागणी ही तिन्ही असूनही एका वॅगन कोळशाअभावी कारखाना थंड पडू शकतो, हे त्या दिवसांत किर्लोस्करवाडीने अनुभवले.

लक्ष्मणरावांनी एकेका अभावाशी स्वतंत्रपणे झुंज घेतली. कोक नाही, तर लाकडी कोळसा वापरून पाहिला. हा बदल वाटतो तितका सोपा नाही. कोक टणक असतो. भट्टीत वरून बिडाचा भार पडला तरी तो तसाच राहतो आणि त्याच्या फटींतून वारा खेळतो. लाकडी कोळसा हलका व ठिसूळ, भाराखाली चुरा होतो, वारा कोंडतो, बीड अर्धेच वितळते. थर किती जाडीचे द्यायचे, वारा किती सोडायचा, एका वेळी भार किती घालायचा, हे सारे पुन्हा नव्याने बसवावे लागते. कोळशाला जंगल लागते, तेव्हा जंगलांचा शोध आला. रंग नाही, तर आसपास मिळणाऱ्या द्रव्यांपासून वाडीतच रंग तयार झाला. ज्याला रंग ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सोडावी लागली, त्याच्याच कारखान्यात रंग घोटले जावेत, याची गंमत त्यांना स्वतःलाही वाटली असेल.

राहिले बीड. मोडक्या बिडाचा शोध गावोगाव झाला. या प्रसंगी कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती मदतीस आले. संस्थानातील गडांवर जुन्या तोफा गंजत पडल्या होत्या. त्या महाराजांनी नांगरांसाठी दिल्या. ही हकीकत आता आख्यायिकेसारखी सांगितली जाते आणि तीत शस्त्राचे अवजार झाल्याचे काव्य आहेच. पण ओतशाळेच्या दृष्टीने ती अगदी रोखठोक बाब होती. ओतीव तोफ म्हणजे बिडाचा भला मोठा गठ्ठा. तो अखंड भट्टीत जात नाही. तो फोडावा लागतो, आणि दारूचा स्फोट सोसण्यासाठी घडविलेली वस्तू फोडणे म्हणजे काय याची कल्पनाच केलेली बरी. शिवाय त्यातले बीड कोणत्या जातीचे आहे हे कोणी लिहून ठेवलेले नसते. वितळवावे, नमुना ओतावा, मोडून पाहावा आणि मग दुसरे बीड किती मिसळायचे ते ठरवावे. ज्या राजाने जमिनीच्या पाण्यासाठी राधानगरीचे धरण हाती घेतले, त्याला तोफ गडावर असण्यापेक्षा शेतात असणे अधिक उपयोगाचे वाटले, यात नवल नाही.

युद्ध संपले तेव्हा कारखाना नुसता टिकला नव्हता, त्याची वाढ झाली होती. १५ जानेवारी १९२० रोजी किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. मूळ हेतू गिऱ्हाईक आणि कारखाना यांच्यातील बातमीपत्राचा. पुढे तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि १९३० साली ‘स्त्री’, १९३४ साली ‘मनोहर’ अशी भावंडे तिला लाभली. मराठी ग्रंथालयांच्या वाचनकक्षात या मासिकांनी किती वर्षे मुक्काम केला हे सभासदांना सांगायला नको. नांगराच्या कारखान्यातून मराठीतील एक अग्रगण्य मासिक निघावे, हे दुसऱ्या कोणत्या भाषेत घडले असेल असे वाटत नाही. लक्ष्मणराव स्वतः लेखक नव्हते, परंतु छापखान्याला त्यांनी कधी अडगळ मानली नाही.

नांगरापाठोपाठ निघालेल्या वस्तूंची साखळी पाहिली की त्यांच्या विचाराची दिशा कळते. उसाचा चरक आला. लाकडी घाण्यात रस राहून जाई, लोखंडी चरकात चोथा कोरडा निघे. आणि चरक म्हणजे पुन्हा बिडाचे जाड रूळ व चौकट, ओतशाळेच्या ओळखीचे काम. भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र आले. हातपंप आले. १९२६ च्या सुमारास सेंट्रिफ्यूगल पंप आले. पंपाच्या शिंपल्यासारख्या वळणदार पोटात पोकळी ठेवायची तर साच्यात वाळूचा वेगळा गाभा बसवावा लागतो आणि तो एका बाजूला सरकला तर भिंत जाड-पातळ होऊन पंप फुकट जातो. कडबा कापण्याच्या चाकापासून या वळणापर्यंत येण्यास त्यांच्या ओताऱ्यांना पाव शतक लागले. प्रत्येक नवी वस्तू मागच्या वस्तूहून एकच पायरी अवघड होती, आणि गिऱ्हाईक तेच, शेतकरी. विकणारे दुकानदार तेच, माल जाण्याचा लोहमार्ग तोच. ज्या वस्तूसाठी नवी भट्टी, नवा कारागीर, नवा कच्चा माल आणि नवे गिऱ्हाईक ही चारही एकदम शोधावी लागतील, तिच्या नादी ते सहसा लागले नाहीत. पुढील काळात व्यवस्थापनशास्त्राने आराखडा, उत्पादन आणि पुरवठा यांचा मेळ घालण्यावर पुष्कळ ग्रंथ निर्माण केले. लक्ष्मणरावांना तो मेळ उसनवारीच्या भांडवलाने शिकविला. चूक परवडण्याजोगी नव्हती.

यात कडू दिवसही होते. युद्धानंतर परदेशी माल पुन्हा आला. १९३० नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि ज्या शेतकऱ्याच्या जिवावर कारखाना चाले त्याच्याच गाठीला पैसा उरला नाही. एकाच गिऱ्हाइकाला धरून राहण्यात जी सुरक्षितता होती तीच आता धोक्याची ठरली. लक्ष्मणरावांच्या पद्धतीची ही मर्यादा मान्य केली पाहिजे. ती ओलांडण्याचे काम मुख्यतः त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांनी केले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून यंत्रशास्त्राचे शिक्षण घेऊन ते १९२६ साली परतले होते. लोखंडी फर्निचर, लेथ यंत्रे अशी शेतीबाहेरची उत्पादने आली. लेथ हे यंत्रांचे यंत्र. त्यात केसाएवढा फरकही चालत नाही, आणि नांगर घडविणाऱ्या हातांना ही शिस्त लावणे सोपे नव्हते. वडिलांची दृष्टी ओताऱ्याच्या हातावर, मुलाची मोजमापाच्या उपकरणांवर. दोघांत मतभेद होत नसतील असे नाही. पण वेळेवर बाजूला होण्याचे शहाणपण लक्ष्मणरावांजवळ होते. १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली, १९४६ साली पुण्यास ऑइल इंजिने आणि बंगळूरला विजेची यंत्रे यांचे कारखाने निघाले. वाडीच्या ओतशाळेचे गोत्र असे तीन दिशांना पसरले.

१९४८ च्या जानेवारीअखेर महात्माजींची हत्या झाली आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळण्यात आला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. निवडुंग तोडून, कोळशाच्या चुऱ्याशी झगडून, तोफा फोडून जे उभे केले होते ते डोळ्यांदेखत जळाले. ज्या परिसराला त्यांनी चाळीस वर्षे काम दिले, त्याच परिसरात हे घडले, याचे शल्य केवढे असेल! पण कारखाना पुन्हा उभा करावयाचा, याविषयी दुसरा विचार झाला नाही. साचे पुन्हा करण्यात आले. लाकडी नमुने जळाले तर ओतशाळा आंधळी होते. ते एकेक करून पुन्हा कोरावे लागतात. वाडीने ते केले आणि भट्टी पुन्हा पेटली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. त्याच्या कितीतरी आधी कुंडल रोड स्टेशनाच्या पाटीवर किर्लोस्करवाडी हे नाव लागले होते, आणि मिरजेकडून पुण्यास जाणारा बेळगावकर प्रवासी ती पाटी आजही गाडीच्या खिडकीतून पाहतो.